दोन चाबकांचे जीव

तळेगाव दाभाडे हे गाव मावळात, इंद्रायणीच्या खोऱ्यात वसलेले आहे. सरदार दाभाड्यांचे गाव म्हणून इतिहासात त्याची ख्याती आहे. गावात तळे आहे, जवळून नदी वाहते; समुद्र मात्र येथून दृष्टीस पडत नाही. लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी समुद्राकडे जणू पाठ फिरवून पूर्वेस निघते, तुळापूर येथे भीमेस मिळते आणि पुढे कृष्णेच्या संगतीने तिचे पाणी थेट बंगालच्या उपसागरापर्यंत प्रवास करते. परंतु खंडाळ्याचा घाट उतरला की कोकण, आणि कोकण संपले की अरबी समुद्र, असा हा जवळचा शेजार आहे. घाटाच्या पलीकडील पाण्यात राहणाऱ्या एका विलक्षण जीवसमूहाची ओळख येथे करून घ्यावयाची आहे. त्या समूहातील काही जीव पाहणाऱ्यास मोहून टाकतात, आणि काही, डोळ्यांस न दिसता, माणसाचा प्राणही घेऊ शकतात.

थंडीच्या दिवसांत अंधाऱ्या रात्री कोकणच्या किनाऱ्यावर उभे राहिले असता कधी कधी एक अद्भुत देखावा पाहावयास मिळतो. लाट फुटते तेथे निळसर प्रकाशाची रेघ उमटते. ओल्या वाळूवर पाऊल टाकावे तो पावलाभोवती ठिणग्या चमकतात. होडीचे वल्हे पाण्यात पडले की त्याच्यामागे उजेड सांडल्यासारखा दिसतो. २०२० सालच्या नोव्हेंबर महिन्यात मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर आणि कोकणातील देवगड येथे अशा निळ्या लाटा दिसल्या, तेव्हा त्या पाहण्यासाठी लोकांनी गर्दी केली होती.

असे पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडात धरले, तर त्यात खसखशीच्या दाण्याएवढे पारदर्शक गोल कण तरंगताना दिसतात. त्यांतील प्रत्येक कण हा एक स्वतंत्र जीव होय, आणि त्याचे सारे शरीर अवघ्या एका पेशीचे असते. पाणी हलले, धक्का बसला की ही पेशी प्रकाशते. एका सेकंदाच्या दहाव्या भागात तो प्रकाश विझूनही जातो. लाखो पेशी एकामागून एक अशा चमकू लागल्या म्हणजे सबंध लाट पेटल्याचा भास होतो. या जीवाचे शास्त्रीय नाव नॉक्टिल्युका सिंटिलन्स असे आहे. लॅटिन भाषेत पहिल्या शब्दाचा अर्थ ‘रात्री प्रकाशणारा’ आणि दुसऱ्याचा ‘ठिणग्या टाकणारा’ असा होतो. नाव मोठे समर्पक आहे. परंतु ते सहजासहजी मिळालेले नाही.

१८१० साली मॅकार्टनी नावाच्या शास्त्रज्ञाने या जीवाचे वर्णन केले, तेव्हा पारदर्शक गोल देह पाहून त्याने त्यास एक लहानशी जेलीफिश मानले व ‘मेड्युसा सिंटिलन्स’ हे नाव दिले. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी ‘नॉक्टिल्युका’ हे नाव वापरले आणि वरी-राळ्याच्या दाण्यासारखा दिसणारा म्हणून त्यास ‘मिलिॲरिस’ असे उपनाम जोडले. अखेर १९२१ साली कोफॉइड व स्वेझी या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी जुन्या उपनामाचा मान राखून आजचे नाव रूढ केले. मधल्या काळात हा जीव जेलीफिश नव्हे, डायनोफ्लॅजेलेट नावाच्या एकपेशीय जीवांच्या समूहातील आहे, हे उमगले होते. ते उमगले कसे, हे पाहण्यासारखे आहे. मोठ्या वाढलेल्या नॉक्टिल्युकाचे रूप त्याच्या भाऊबंदांशी मुळीच जुळत नाही. परंतु त्याच्या प्रजोत्पादक पेशी सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिल्या, तर त्यांत या समूहाची लक्षणे आढळतात. आजोबांची ओळख नातवाच्या चेहऱ्यावरून पटावी, तसाच हा प्रकार झाला.

ही लक्षणे कोणती? डायनोफ्लॅजेलेट हा शब्द दोन भाषांच्या मिलाफातून झाला आहे. ‘डायनॉस’ म्हणजे ग्रीक भाषेत गरगर फिरणे, आणि ‘फ्लॅजेलम’ म्हणजे लॅटिन भाषेत चाबूक. या जीवांना चाबकाच्या दोरीसारखे दोन लवचीक तंतू असतात. त्यांना कशाभिका म्हणतात. पेशीच्या कमरेभोवती पट्टा बांधावा तशी एक आडवी खाच असते, आणि तिला मिळणारी दुसरी उभी खाच असते. एक कशाभिका आडव्या खाचेत फिरीसारखी लहरते, दुसरी उभ्या खाचेतून बाहेर येऊन मागे लोंबते. पहिलीमुळे पेशी स्वतःभोवती गिरकी घेते आणि दुसरी तिला दिशा देते. त्यामुळे पेशी भोवऱ्यासारखी फिरत फिरत पुढे सरकते. कित्येक जातींच्या अंगावर सेल्युलोजच्या लहान लहान तकटांचे चिलखत असते, तर कित्येक जाती बिनचिलखती असतात.

हे जीव वनस्पती म्हणावेत की प्राणी, याबद्दल फार दिवस वाद चालला. यांतील सुमारे निम्म्या जाती सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न तयार करतात. म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांना आपल्या ग्रंथात घेतले. बाकीच्या जाती दुसऱ्या जीवांना गिळून जगतात, म्हणून प्राणिशास्त्रज्ञांनीही त्यांवर हक्क सांगितला. काही जाती तर दोन्ही उद्योग करतात! आता पेशीची अंतर्रचना व आनुवंशिक द्रव्य तपासल्यावर असे दिसून आले आहे की, त्यांचे जवळचे नाते ना झाडांशी आहे, ना जनावरांशी. डबक्यातील पॅरामीशियम आणि हिवतापाचा परोपजीवी हे त्यांचे खरे नातलग होत.

नॉक्टिल्युकाच्या पोटात तर वर्गीकरणाचा आणखी एक पेच दडलेला होता. अरबी समुद्रातील नॉक्टिल्युका पुष्कळदा हिरवा दिसतो. १९५४ साली सुब्रह्मण्यन या भारतीय शास्त्रज्ञाने कालिकतजवळच्या हिरव्या पाण्याचा अभ्यास केला. हा हिरवा रंग नॉक्टिल्युकाचा नसून, त्याच्या पेशीत भाडेकरूप्रमाणे राहणाऱ्या अतिसूक्ष्म हिरव्या जीवांचा आहे, असे त्यांनी दाखविले. त्या जीवास त्यांनी ‘प्रोटोयुग्लीना नॉक्टिल्युकी’ असे नाव दिले व युग्लीनाच्या गटात त्याची गणना केली. १९७६ साली दुसऱ्या संशोधिकेने त्यास निराळ्या प्रजातीत घालून ‘पेडिनोमोनस’ म्हटले. पुढे २०१६ साली त्याच्या जनुकांची तपासणी झाली. तीत तो जीव युग्लीनाच्या गटातला नाही, हिरव्या शैवलांपैकी आहे, असे ठरले. त्याचबरोबर तो पेडिनोमोनसही नव्हे, म्हणून सुब्रह्मण्यन यांनी दिलेले नावच त्यास परत देण्यात आले. गट चुकला, पण नाव टिकले. शास्त्रात असेही घडते.

आता प्रश्न उरतो तो भयाचा. नॉक्टिल्युकाच्या बहराने समुद्र तांबूस किंवा हिरवा झाला की कोळी लोक चिंतेत पडतात, आणि ती चिंता निष्कारण नसते. हा जीव माशांची अंडी व इतर सूक्ष्म जीव खातो. त्याच्या पेशीत अमोनिया साठतो. बहर ओसरून लक्षावधी पेशी कुजू लागल्या की पाण्यातील प्राणवायू कमी होतो व मासे दूर जातात किंवा मरतात. मलबार व कानडा किनाऱ्यांवरील मासेमारी एकाएकी बसण्याचे कारण असे ‘लाल पाणी’ असावे, असे भिमाचर व जॉर्ज यांनी १९५० सालीच लिहिले होते. तथापि माणसास मारणारे विष नॉक्टिल्युका तयार करीत नाही. डोळ्यांना भिवविणारा हा जीव त्या अर्थाने सौम्यच म्हटला पाहिजे.

खरे संकट रंग न दाखविता येते. १९८३ साली कर्नाटक-केरळच्या सीमेवरील कुंबळे येथे, मंगळूरपासून थोड्या अंतरावर, खाडीतील शिंपले खाऊन अनेक माणसे आजारी पडली आणि एक मुलगा दगावला. शिंपले ताजे होते व शिजविलेले होते. ती खाडीही नेहमीचीच होती. मग हे विष आले कोठून? मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातील इद्द्या करुणासागर आणि त्यांचे सहकारी यांनी या घटनेचा अभ्यास केला, तेव्हा शिंपल्यांत स्नायूंना लुळे करणारे विष असल्याचे आढळले.

या विषाचा मार्ग असा आहे. शिंपला दिवसभर पाणी आत ओढतो, त्यातील सूक्ष्म जीव गाळून खातो व पाणी बाहेर सोडतो. पाण्यात काही विशिष्ट डायनोफ्लॅजेलेट वाढलेले असले म्हणजे त्यांचे विष शिंपल्याच्या मांसात साठत जाते. शिंपल्यास त्याची बाधा होत नाही. त्याचा रंग, वास, चव, काहीही बदलत नाही. पण तो खाणाऱ्या माणसाचे ओठ व जीभ प्रथम झिणझिणतात, मग बधिर होतात. पुढे हातपाय लुळे पडतात, आणि विषाची मात्रा मोठी असल्यास श्वासोच्छ्वास चालविणारे स्नायू थांबतात. सॅक्सिटॉक्सिन हे त्यातील मुख्य विष होय. शिजविल्याने ते नाहीसे होत नाही आणि त्यावर उताराही नाही. रोग्याचा श्वास कृत्रिम रीतीने चालू ठेवणे एवढाच उपाय असतो. एक किलोग्रॅम मांसात या विषाचे प्रमाण ०.८ मिलिग्रॅमच्या वर गेले की असे शिंपले विकू नयेत, असा नियम अनेक देशांनी केला आहे. मिठाचा एक बारीकसा खडाही याहून जड भरेल! १७९३ साली अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर कॅप्टन व्हँकूव्हरच्या तुकडीतील जॉन कार्टर हा खलाशी शिंपले खाऊनच मरण पावला होता, आणि १९९७ साली केरळातील विझिंजम येथे सात माणसे याच प्रकारे प्राणास मुकली.

विष ओळखले, तरी ते तयार करणारा कोण, हे वेगळेच कोडे असते. मंगळूरच्या किनाऱ्यावर असे विष करणारी जिम्नोडिनियम कॅटेनाटम नावाची जाती राहते, हे १९९६ साली प्रसिद्ध झाले. ‘जिम्नोस’ म्हणजे उघडा, आणि ‘कॅटेना’ म्हणजे साखळी. अंगावर चिलखत नसलेल्या व एकीस एक जोडून साखळी करणाऱ्या पेशींचा हा जीव आहे. त्याची एक पेशी सुमारे ४० मायक्रोमीटर असते. म्हणजे अशा २५ पेशी एकापुढे एक मांडल्या, तर कोठे एक मिलिमीटर लांबी भरेल. साखळीत कधी चार, कधी आठ, तर कधी चौसष्टपर्यंत पेशी असतात, आणि सगळी साखळी सापासारखी वळणे घेत पोहते.

ही जाती ओळखण्याचे काम वाटते तितके सोपे नसते. अभ्यासक अतिशय बारीक विणीची जाळी पाण्यातून ओढून नमुना गोळा करतो. नमुना टिकावा म्हणून त्यात आयोडीनचे द्रावण घालण्याची रीत आहे. चिलखती जातींचे त्याने विशेष बिघडत नाही. परंतु बिनचिलखती पेशी औषधाने फुगतात, आकसतात व साखळ्याही तुटतात. अशी तुटलेली एकटी पेशी पाहून नाव देणे म्हणजे केवळ सदऱ्याची एक बाही पाहून माणूस ओळखण्यासारखे आहे. म्हणून थोडे पाणी जिवंत स्थितीतच पाहावे लागते. कमरेची आडवी खाच कोठून निघते, फेरी पुरी होताना ती किती खाली उतरते, उभी खाच पेशीच्या शेंड्यापर्यंत पोहोचते की नाही, पेशीचे केंद्रक कोठे आहे, हे सारे पाहून चित्र काढावयाचे व मापे घ्यावयाची. शेजारीच अलेक्झांड्रियम या प्रजातीच्या साखळ्या असण्याचा संभव असतो. दुरून त्याही तशाच दिसतात. मात्र त्या चिलखती असतात. एका विशेष रंगाचा थेंब टाकून जंबुपार प्रकाशात धरले की त्यांच्या चिलखताची तकटे निळी उजळतात. मग प्रत्येक तकटाचा आकार व जागा पाहून जाती ठरविता येते. तकटांना क्रमांक देण्याची पद्धत त्याच कोफॉइडने १९०९ साली घालून दिली.

जिम्नोडिनियम कॅटेनाटमची आणखी एक खूण आहे. परिस्थिती प्रतिकूल झाली की ही पेशी जाड कवचाची पुटी बनून तळाच्या गाळात जाऊन पडते आणि अनुकूल काळ येईपर्यंत तेथेच झोपून राहते. या तपकिरी पुटीच्या कवचावर मधमाशांच्या पोळ्यासारखी नाजूक जाळी असते. इतकी ठळक खूण सापडल्यावर शास्त्रज्ञांना वाटले की, अशी पुटी दिसली की जाती निश्चित झालीच. डेन्मार्कच्या समुद्रतळाशी अशाच पुट्या मिळाल्या, तेव्हा तेथेही त्याच विषारी जीवाचे नाव घेतले गेले. परंतु त्या पुट्या प्रयोगशाळेत उगवून त्यांतून निघालेल्या पेशी पाहिल्या, त्यांची जनुके व विष तपासले, तेव्हा निराळाच प्रकार उघडकीस आला. ती जाती वेगळी निघाली, पुटीही थोडी लहान होती, आणि विषाचा तर पत्ताच नव्हता! तिला १९९९ साली जिम्नोडिनियम नोलेरी असे स्वतंत्र नाव मिळाले.

ओहोटीच्या वेळी खाडीत तिसऱ्या व कालवे काढणाऱ्या बायकांचा संसार त्यावर चालतो. कोणी घाईने विषारी जातीचे नाव घेतले, तर त्या दिवशी त्यांची टोपली कोणी विकत घेणार नाही, मग पाणी कितीही निर्दोष असो. उलट, विषारी जातीस निरुपद्रवी समजून स्वस्थ बसले, तर कुंबळ्याच्या मुलासारखा प्रसंग पुन्हा ओढवेल. नावातील एका शब्दाच्या चुकीला येथे एवढी किंमत असते.

या पुट्या जहाजांतूनही प्रवास करतात. तोल राखण्यासाठी जहाजे टाक्यांत समुद्राचे पाणी भरून घेतात व दूरच्या बंदरात ते सोडून देतात. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटाजवळ गाळाच्या जुन्या थरांत जिम्नोडिनियम कॅटेनाटमच्या पुट्या नाहीत, सुमारे १९७३ नंतरच्या थरांत मात्र त्या आढळतात. त्या जहाजांबरोबर आल्या असाव्यात, असा तर्क आहे. पाणी शुद्ध केल्याशिवाय सोडू नये, असा आंतरराष्ट्रीय करार २००४ साली झाला व २०१७ साली तो अमलात आला. आपल्याकडे गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मुंबई व न्हावाशेवा बंदरांतील जीवसृष्टीची पाहणी केली, ती याच कारणाने.

समुद्रापासून दूर असलेल्या तळेगावच्या मुलांना हे सारे ऐकीव वाटण्याचे कारण नाही. डायनोफ्लॅजेलेट गोड्या पाण्याच्या तळ्यांतूनही राहतात. सेराटियम व पेरिडिनियम या त्यांच्या नेहमी आढळणाऱ्या प्रजाती होत. याच तळेगावात १९०८ साली लोकांनी एकेक पैसा जमवून पैसा फंड काच कारखाना उभारला होता, आणि हे सूक्ष्म जग माणसास दिसले तेही काचेच्या कृपेनेच. तळ्याचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन शाळेतील सूक्ष्मदर्शकाखाली धैर्याने पाहत राहिले, तर एखादे दिवशी कमरेस खाच असलेली, गिरक्या घेणारी तपकिरी पेशी नजरेस पडेल. मग वहीत तिची आकृती काढावी, दिनांक लिहावा, पाणी कोठले ते लिहावे, आणि खाली नाव घालावे. अंगावरील तकटे नीट मोजता आली नसतील, तर मोठमोठे शास्त्रज्ञ लिहितात तसेच लिहावे: ‘पेरिडिनियम, जाती अनिश्चित.’